ॲम्ब्रोजचा कोट धुतला गेला त्याची हकीकत

लोअर परळ,
नोव्हेंबरचा तिसरा रविवार

प्रिय ॲम्ब्रोज,

लवूचा मनापासून नमस्कार. मालनने आशीर्वाद सांगितले आहेत. (ती तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण गुडघे धरल्यापासून ती सगळ्यांना आशीर्वादच देते. खाली वाकताच येत नाही, मग दुसरं काय करणार?)

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. कान कसा आहे? फोनवर तू सारखं "काय? काय?" करतोस आणि मग पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजतोस, त्यामुळे दोष कानाचा की नेटचा हे कळत नाही. म्हणून हे पत्र. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेलं मराठी तू न्यूझीलंडला जाऊन दोन वर्षांत विसरला असशील तर सावकाश वाच, पण रॉयस्टनकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात त्याच्याबद्दलही थोडं आहे. इकडे सगळं ठीक. म्हणजे मला साखर, मालनला गुडघे आणि बिल्डिंगला गळती. खालच्या मजल्यावरचे बुधाजी ऑक्टोबरात गेले. त्यांनी दोन वर्षं अर्ज करून मागितलेली लिफ्ट चालू झाली ती त्यांच्या बाराव्याला. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

आता वाईट बातमी. उभा असशील तर बस. तुझा कोट गेला.

रॉयस्टन डिसेंबरच्या वीस तारखेला मुंबईत येणार, दोन दिवस राहणार आणि तुझा कोट घेऊन जाणार, असा त्याचा मेसेज आला तेव्हाच माझं मन खट्टू झालं होतं. तू जाताना ठाकूरद्वारच्या तुझ्या रिकाम्या खोलीत काय म्हणाला होतास? "कोट तुझ्याकडं ठेवतो रे, म्हणजे मला परत यायलाच लागेल." तो कोट मी भर मे महिन्यात अंगावर घालून घरी आलो होतो, कारण हातात धरून आणला असता तर सामान आणल्यासारखं वाटलं असतं. आता कोट तिकडे चालला म्हणजे तू इकडे येत नाहीस, एवढं न शिकलेल्या माणसालाही समजतं. पण असो. माणसाने म्हातारपणी मुलाजवळ राहावं. तिथे नद्या आहेत, मासे आहेत, पाऊसही आपल्याइतकाच पडतो म्हणतात.

कोटाची महती मी तुला काय सांगावी! तुझ्या वडिलांच्या कंपनीतला गोरा साहेब तो घालून ठाण्याच्या खाडीत बदकं मारायला जायचा आणि विलायतेला परत जाताना तुझ्या वडिलांना देऊन गेला. जाड सुती कापड, त्यावर मेण, आणि पाठीमागे आतून मारलेली बदकं टाकायचा भलामोठा खिसा. त्या खिशात तू चाळीस वर्षं डबा टाकलास (आणि एकदा जिवंत चिंबोरी, जी बसमध्ये कंडक्टरसमोर बाहेर आली). दर मे महिन्यात तुझी एडना मोतमाउलीच्या जत्रेतल्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवायची, त्यात थोडं तेल घालायची आणि ते मेण कोटाला तळहाताने चोळायची. ती देवाघरी गेल्यावर तू चोळायला लागलास आणि तू न्यूझीलंडला गेल्यावर मी. खिशात तिची चिठ्ठी होती, रोमन अक्षरांत मराठी लिहिलेली: साबण नको. गरम पाणी नको. पिळायचा नाही. गार पाण्याच्या फडक्याने पुसायचा, सावलीत टांगायचा. मेण आधी शिवणींवर. आणि सगळ्यात खाली, ॲम्ब्रोजला हात लावू देऊ नका, तो घाई करतो. (चिठ्ठी सुखरूप आहे. ती मी आधीच कपाटात ठेवली होती.)

तर झालं असं. रॉयस्टनच्या मेसेजात शेवटी होतं, "अंकल, कोट नीट क्लीन करून ठेवा, इकडे एअरपोर्टवर बुटाकपड्यांची माती चालत नाही." तो मेसेज आमच्या सुनेने, रुपालीने वाचला. पोरगी गुणाची आहे, सांगितलेलं काम तिथल्या तिथे करते, आणि तेच नडलं. मी साखर तपासायला भोईवाड्याला गेलो असताना तिने कोट मशीनमध्ये टाकला. गरम पाणी, दोन चमचे पावडर आणि वरून तो वासाचा गुलाबी पदार्थ. मशीनमधून आधी चहासारखं पाणी आलं, मग नुसतं काळं, मग मशीनच बंद पडलं. कोट बाहेर निघाला तो आजारातून उठलेल्या माणसासारखा, लुळा आणि स्वच्छ. ऐंशी वर्षांचा वास, बदकांचा, रॉकेलचा, आपल्या कोळंबीच्या आमिषाचा, एडनाच्या मेणाचा, सगळा गेला आणि त्याला कुठल्याशा फुलांचा वास यायला लागला. मी वाटीभर पाणी बाहीवर ओतून पाहिलं. आत घातलेल्या हाताला लगेच गार लागलं.

मी हार मानली नाही. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या मेणबत्त्या गोळा केल्या, नातीच्या वाढदिवसाच्याही, आणि मालनच्या तव्यावर वितळवल्या. (तवा आता वेगळा ठेवला आहे. त्यावर भाकरी टाकली तर तिच्यावर पाणी ठरत नाही.) मेण चोळलं, रुपालीच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं, पुन्हा चोळलं. प्रमाण चुकलं असावं. कोट इतका कडक झाला की खुंटीशिवाय दारामागे उभा राहिला, दोन्ही हात थोडे पुढे करून. संध्याकाळी दिवा लावायला मालन आत गेली आणि किंचाळत बाहेर आली, "अगो बाय माझे, बुधाजी इले!" तिला साखर-पाणी दिलं. मला काही कुणी दिलं नाही.

मग तुला रिकाम्या हाताने कसं ठेवायचं म्हणून मी मॉलमध्ये गेलो. तोच रे, आपल्या गिरणीचं फोल्डिंग खातं होतं त्या जागेवरचा. दुसऱ्या मजल्यावर नुसत्या डोंगरावर जाणाऱ्यांच्या कपड्यांचं दुकान आहे. तिथल्या मुलीच्या छातीवर अक्षदा असं नाव होतं. तिने विचारलं, "ट्रेकिंग की रनिंग, काका?" मी म्हटलं, गरवायला. मला वाटलं तिला गळ टाकून मासे धरणं कळणार नाही, पण ती हसली आणि म्हणाली, "माझे आजोबा पण जायचे, वरळीला. आता नाही जात कोण." तिथून पुढे तिने मला पोटच्या पोरीसारखं शिकवलं. लेबलावर पाणी अडवण्याचा (किमतीचा नव्हे) दहा हजारांच्या वरचा आकडा असला तर तासन्तास पावसात बसता येतं. शिवणींवर आतून पट्टी हवी, नाहीतर पाणी सुईच्या भोकातून येतं (हे एडना चाळीस वर्षं सांगत होती). टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे, नाहीतर शेजारचा बोलला तर आपल्याला टोपीचं अस्तर दिसतं. कापड फार कुरकुरत असेल तर घेऊ नये, आणि रंग शेवाळ्याचा घ्यावा, नारिंगी नको. जॅकेट श्वास घेतं असंही ती म्हणाली. मी म्हटलं, चांगलं आहे, माझा लागतो.

तिने बाटलीभर पाणी बाहीवर ओतलं. थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे गेले. मग मी ते घालून तिथेच जमिनीवर बसलो, आपण खडकावर बसतो तसा उकिडवा, आणि गळ फेकल्यासारखा हात मागून पुढे नेला, कारण काखेत ओढतं का ते उभ्याने कळत नाही. वॉचमन आला. अक्षदाने त्याला परत पाठवलं. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण बाजूला तू बसलेला नाहीस हे मला तिथे फरशीवर बसल्यावर फार जाणवलं. तिने मला हाताला धरून उठवलं.

जॅकेट घेतलं. रॉयस्टनबरोबर पाठवतो. हे पत्र मात्र पोस्टाने टाकतो आहे, म्हणजे तो इकडे यायला निघण्याआधी तुला मिळेल. कोटाबद्दल मला माफ कर आणि रुपालीला बोल लावू नकोस.

तुझा,
लवू

ता. क. पाकिटावर तुझा इंग्रजी पत्ता लिहायला रुपालीला बसवलं, तर तिने आतलं पत्रही वाचलं. तिचं म्हणणं लिहिल्याशिवाय ती पाकीट चिकटवायला देत नाही. ते असं: "बाबा, मी कधी धुतला? तुम्ही त्या कोटाला हात तरी लावू देता का कुणाला?" तिने कोट धुतलेला नाही. मशीन बंद पडलं ते चादरींनी.

ता. क. दुसरा. कोट कुणीच धुतलेला नाही. तो समोर खुंटीवर आहे. मेणाचं आणि मालन किंचाळल्याचं खरं आहे, पण मेण मी मे महिन्यात लावलं, एडनाच्या डब्यातल्या तुकड्यांनी, आधी शिवणींवर. संध्याकाळचा तो खुंटीवरही माणसासारखाच दिसतो, आणि परवा मालनला बुधाजी दिसले ते तिथेच. चिठ्ठी धुतली गेली असं लिहायला माझा हात उठला नाही, तिथेच तुला ओळखता यायला हवं होतं. आणखी एक लपवलं आहे. आपला खडक नव्या रस्त्याखाली गेला. फोनवर सांगितलं नाही, कारण तुला परत यायचं एक कारण कमी झालं असतं. तू गेल्यापासून मी एकदाही गरवायला गेलेलो नाही. माहीमच्या बाजूला दोघांना बसता येईल अशी एक जागा मात्र बघून ठेवली आहे.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. नवं जॅकेट खरंच घेतलं आहे. ते तिथल्या पावसासाठी. त्याला अधूनमधून साध्या साबणाने धू, कारण ते न धुतलं तर मरतं. तुझ्या कोटाचं उलटं. कोट इथेच राहू दे. रॉयस्टनला आधीच सांगून ठेव की लवू अंकलकडे कोट मागू नकोस. त्याने समोर उभं राहून मागितला तर मला नाही म्हणता येणार नाही, त्याचं नाक एडनाचं आहे. तूच ये घ्यायला. बूट धुतलेले नसले तरी चालतील, इकडे मातीचं कुणी विचारत नाही.