विसाव्याचं वर्ष

दादा,

"इथं काहीच पिकत नाही" असं तू कंपनीला लिहून दिलंस, तो कागद काल मी वाचला. सौर प्रकल्पाला पडीक जमीनच हवी होती, म्हणून मी कसते ती वरची पट्टी तू पडीक ठरवून मोकळा झालास. जमीन तुझ्या नावावर, तेव्हा मला विचारायचं कारणच नव्हतं.

आबा दर तिसऱ्या वर्षी ती पट्टी न पेरता विसाव्याला सोडायचे. त्या वर्षी तू तिथंच चेंडू खेळायचास. हे तू विसरलास, असं मी तरी मानणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला कधीच कळवणार नाही. कंपनीचा मोजणीवाला आला तेव्हा मीच त्याला चहा दिला. "यंदा रिकामी का?" त्यानं विचारलं. "विसावा देतोय तिला," मी तोंडभरून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि फोटो काढला. तोच फोटो तुझ्या सहीच्या वर चिकटवलाय. कोपऱ्यात मी हसताना दिसते.

आज कंपनीचा मुकादम आला होता. पुढच्या महिन्यात खांब रोवायचेत, पण गवत कमरेएवढं माजलंय, तर कापायला रोजानं येशील का म्हणाला. वर विचारतो, "बाई, पडीक जमिनीत एवढं गवत कसं?"

कामाला मी हो म्हटलं. त्या पट्टीवर परक्याचा विळा नको. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सही करणाऱ्यानं द्यावं.

बियाण्याचा डबा यंदा रिकामाच आहे. हे पत्र त्यात ठेवते.

तुझी धाकटी बहीण