तिसऱ्यांदा मागितलेलं पाणी

धुळे, मंगळवार, ऑगस्ट १९६९

आज सूड घेतला.

गेल्या आठवड्यात वॉर्डातली पारोळ्याची म्हातारीनं तीनदा पाणी मागितलं, तर आमच्या नर्सिंग शाळेच्या ट्यूटरबाई तिच्यावर खेकसल्या, "गप पड! तुझी मोलकरीण आहे का मी?" आज त्याच बाई तपासणीला आलेल्या मॅडमना दाखवत होत्या, रुग्णाशी गोड कसं बोलायचं ते. रुग्ण म्हणून खाटेवर मला झोपवलेलं. मी म्हातारीच्याच सुरात कण्हले, "माय व, माले पानी दे." बाई हसल्या. पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा मागताच त्यांच्या तोंडून निघालंच, "गप पड!"

मॅडमची लेखणी थांबली.

मला वाईट वाटायला हवं का? छे! उद्या बेडपॅन घासायला लावतील. लावू देत. संध्याकाळी म्हातारीला पाणी बाईंनीच पाजलं. मी दारात उभी होते, त्यांना दिसेन अशी.