बुरुजापासून पायऱ्यांपर्यंत

प्रिय बडबडे,

तुझं पत्र पोचून आज नऊ दिवस झाले. उशीर झाला म्हणून रागावू नकोस. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊकच आहे. एक ओळ लिहितो, दोन खोडतो. तुझी काकू असती तर म्हणाली असती, सरळ लिहा की हो, गोल गोल काय फिरताय. आता ती नाही, त्यामुळे थोडं फिरणारच. पाकिटावरचा पत्ता तीनदा तपासलाय. तरी हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडायलाच हवं, त्याचीच धाकधूक आहे.

रविवारी तू मुलांना घेऊन येणार आणि बाबानं बांधलेली भिंत दाखवा म्हणतेस. वर चालताना दोघांचे हात सोडू नकोस. गावाच्या जुन्या तटाच्या माथ्यावर छान रस्ता केलाय, पण आतल्या बाजूचा कठडा गुडघ्याएवढाच आहे. मी दोनदा अर्ज दिला, कोणी ढुंकून बघितलं नाही. सावलीही नाही वर, टोप्या आण. तू इथून गेलीस तेव्हा तीन वर्षांची होतीस, तुला काही आठवत नसेल. आता खाली, खंदक होता तिथं, हिरवळ आहे. सकाळी कानात वायरी घालून पळणारे येतात, दुपारी कॉलेजातली जोडपी, संध्याकाळी माझ्यासारखे, ज्यांना घरी कोणी विचारत नाही ते. मी रोज जातो. पाऊस पडून गेला की छत्रीची काडी घेऊन भिंतीतली पाण्याची भोकं साफ करत फिरतो. बागेचा राखणदार मला हसतो. म्हणतो, आजोबा, आज पुन्हा भिंतीचे कान कोरायला आलात का? हसू दे बापडा.

आमच्या लहानपणी या तटाकडे लोक पाठ करून राहायचे. कचरा टाकायचे, दगड काढून स्वतःच्या घराला लावायचे. मग तट राखायचा, त्याची बाग करायची असं ठरलं आणि आम्हा दोघा भावांना दुरुस्तीला घेतलं. दरवाजापासून बुरुजापर्यंत माझं काम, बुरुजापासून पायऱ्यांपर्यंत तुझ्या बाबाचं. कचेरीच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं. हात त्याचाच चांगला, हे मी तेव्हा कधी बोललो नाही. तो दगड दोनदा फिरवून बघायचा, तिसऱ्यांदा दगड जागेवर बसलेला असायचा. मी मात्र दर थराला ओळंबा लावून पुन्हा पुन्हा बघायचो. तो म्हणायचा, दादा, भिंत कुठं पळून चालली नाही, जरा दम खा. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचे दोन नियम होते. जुन्या दगडाला चुनाच लावायचा, सिमेंट नाही. आणि दर चार हातांवर एक भोक मोकळं ठेवायचं, कारण मागच्या मातीत मुरलेलं पाणी कुठून तरी बाहेर यायलाच हवं. पाणी आत कोंडलं की भिंतीला फुगा येतो, असं ते रोज सांगायचे. रोज. आम्ही दोघं पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

बाग उघडली आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका पहाटे बुरुज ते पायऱ्या यातली पंधरा हात भिंत खाली आली. खाली कोणी नव्हतं, एका बाकाचा चुरा झाला तेवढाच. चौकशी झाली. वही उघडली, तुझ्या बाबाचं नाव निघालं. दगडांमधल्या दरजा नीट भरल्या नाहीत, काम कच्चं होतं, असा शेरा मारून त्याला घरी बसवलं. आजही बाग दाखवणारी मुलगी पाहुण्यांना तिथं थांबवून सांगते की हा भाग वाईट गवंडीकामामुळे पडला म्हणून नव्यानं बांधलाय. मी तिथून जाताना झपाझप पावलं उचलतो.

त्या दिवशी तुझा बाबा ढिगाऱ्यावर बसून एकेक दगड उलटा करून बघत होता. मला म्हणाला, दादा, तू सांग, कुठं चुकलं माझं? मी म्हणालो, जुनी भिंत आहे, होतं असं, घरी चल. महिन्याभरात त्यानं तुम्हाला घेऊन गाव सोडलं आणि कापडाच्या गोदामात पहारेकरी झाला. तू लिहितेस की स्वयंपाकघरातली एक फरशी निघाली तर तीसुद्धा त्यानं स्वतः बसवली नाही, बाहेरून माणूस बोलावला. आई चिडली तरी म्हणाला, माझ्या हाताचा भरवसा नाही. ही ओळ वाचून मी पत्र घडी करून ठेवलं ते दोन दिवस उघडलं नाही. आणि शेवटी तू विचारतेस, बाबांमुळे तुमचंही नाव खराब झालं, काका, तुम्ही त्यांना माफ केलंत का? ते वारले तोवर, दादानं मला माफ केलं का, हेच विचारत होते.

आता सरळ लिहितो. बाग उघडायच्या चार दिवस आधी तुझा जन्म झाला. आई अडली होती, म्हणून बाबा दवाखान्यातच होता, आणि त्याचा भाग मी बघत होतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. त्याच्या भिंतीतल्या भोकांतून पाणी नव्या बाकांवर ठिबकत होतं, दगडावर ओघळ उमटले होते. मला वाटलं, साहेब येतील, भिंत गळते म्हणतील, आणि नेमका माझा भाऊ बोलणी खाईल. शेजारी संडासाचं बांधकाम चाललं होतं, तिथून सिमेंट आणलं आणि त्याची चौदाही भोकं मी माझ्या हातानं बुजवली. वर चिखल फासला, दिसू नये म्हणून. समारंभ झाला की मोकळी करू म्हटलं. मग आज करू, उद्या करू. पुढं भीती वाटायला लागली की कोणी बघितलं तर विचारेल. तीन पावसाळे पाणी आत कोंडलं. भिंत पडली त्या रात्री उरलेली भोकं मी गुपचूप मोकळी केली. त्याला हे कधीच कळलं नाही, आणि मी त्याला कळू दिलं नाही. तुझ्या जन्माचं यात काही नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. काल कचेरीत जाऊन हे सगळं लिहून सही करून दिलं. कारकून म्हणाला, आजोबा, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? मी म्हणालो, पुतणी विचारते. शिक्का मारलेली नक्कल सोबत ठेवली आहे, मुलांना वाचून दाखव. रविवारी मी दरवाजापाशी दहा वाजल्यापासून उभा राहीन. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर सरळ पुढं जा, मी हाक मारणार नाही. बुरुजाकडून येताना पडलेला भाग संपला की पायऱ्यांपर्यंतची भिंत जुनीच आहे. ती त्याची आहे, आणि तिची एकही दरज हललेली नाही.

तुझाच, आणि तुझ्या बाबाचा अपराधी,
मोठा काका