काय पाहिजेले?

प्रिय जाऊबाई,

‘सोचून सांगतो’ म्हणालात आणि तशाच निघून गेलात. असं कोणी करतं का? आम्ही इकडे तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो आणि तुम्ही मात्र पसार! दिवाळीनंतर तुम्हाला दवाखान्यात नेलं, तेव्हाही मला वाटलं होतं की चार दिवसांत घरी याल आणि फोन करून म्हणाल, ‘काय वं मॅडम, मेली नाई मी अजून.’ फोन आला, पण तुमच्या लेकीचा, मुक्ताचा.

आज लिहायला बसले, कारण तुमच्या लेकीचा गेम पूर्ण झाला. होय, तोच, ज्याला तुम्ही ‘पोरीचा खेळखंडोबा’ म्हणायच्या. रविवारी तो लोकांना खेळायला मिळणार आहे. त्याचा शेवट आम्ही तुम्हाला न विचारता केलाय, म्हणून आधी तुम्हालाच सांगते. रागावू नका. रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, तेवढा एक फायदा आहे!

अकोल्याच्या जुन्या शहरातली ती खोली आठवते ना? खाली मुक्ताच्या मैत्रिणीच्या, सायमाच्या, अब्बांचं गाद्यांचं दुकान, वर मुक्ता आणि सायमाचे कॉम्प्युटर. एकीने गोष्ट लिहायची, दुसरीने चित्रं काढायची. आवाज भरायचे तर बाहेरचा गोंगाट नको, म्हणून त्या दोघींनी खालून नव्या गाद्या आणून भिंतींना उभ्या केल्या होत्या. मे महिना, पंखा बंद, कूलर बंद, आणि मध्ये वेताच्या मोड्यावर तुम्ही, कानावर ते मोठे हेडफोन! मी अमरावतीहून मुद्दाम बघायला आले होते. तुम्ही पदराने वारा घेत म्हणालात, “काहून वं पोरीहो, आवाज भरून राहिल्या का मले वांग्यावानी भाजून राहिल्या?”

सायमा म्हणाली, “काकी, हेही रेकॉर्ड झालं.”

“होऊ दे. तुह्या गेममधल्या राक्षसाले ऐकव. पळून जाईन तो.”

त्या गेममध्ये काय आहे, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता तुम्हाला समजावून सांगू शकेन इतकं कळतं. दोन जगं आहेत. एक आकाशात तरंगणारं लोखंडी शहर. तिथे पाणी यंत्रातून निघतं, गाड्या आपोआप चालतात, आणि कोणालाच कोणतीही गोष्ट सांगता येत नाही, कारण सगळे विसरलेत. दुसरं जंगलाचं राज्य. तिथे नद्या बोलतात, झाडं रात्रीतून गाव बदलतात, दिवे मंत्राने लागतात. लोखंडी शहरातली इरा नावाची मुलगी, यंत्रं दुरुस्त करणारी, आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला जंगलाच्या राज्यात जाते. आणि दोन्ही जगांच्या शिवेवर एक दार आहे. त्या दारात बाजेवर बसून वाती वळणारी बुडी, म्हणजे म्हातारी, ती तुम्ही.

दारातून जायचं तर बुडी विचारते, काय पाहिजे. समोर तीन-चार उत्तरं दिसतात, त्यातलं एक निवडायचं. खरं उत्तर दिलं तरच दार उघडतं. खोटं दिलं तर ती परत पाठवते.

मुक्ताने लिहून दिलं होतं, ‘काय पाहिजे तुले?’ तुम्ही कागद बाजूला ठेवलात, माझ्याकडे बघितलंत, गालात जीभ फिरवलीत आणि म्हणालात, “काय पाहिजेले?” आणि मग असं खळखळून हसलात की पाठीमागची गादी घसरून तुमच्या अंगावर आली!

पोरींना वाटलं, आई गरमीने वेडी झाली. मी मात्र दाराशी उभी राहून लाल झाले होते. इतक्या वर्षांनंतरही तुम्ही मला सोडलं नाहीत!

त्या खोलीत आपल्या दोघींनाच ठाऊक होतं ते. मी लग्न होऊन अकोल्याला आले, तेव्हा तुमच्या घरात सगळे मले-तुले बोलायचे. मी अमरावतीच्या कॅम्पातली, कॉन्व्हेंटमधली. वर्गात मराठी शब्द निघाला की सिस्टरच्या भुवया वर जायच्या, आणि घरी बाबांचं मराठी पुस्तकातल्यासारखं. मी मनाशी ठरवलं, या घरात यांच्यासारखंच बोलायचं. मला एवढंच कळलं होतं की शब्दाच्या शेवटी ‘ले’ लावायचं असतं. मग काय, जिथे जागा दिसेल तिथे लावलं! बैठकीत मामंजी, त्यांचे चुलतभाऊ, सगळी वडीलधारी मंडळी. मी डोक्यावर पदर, हातात ट्रे, आणि अगदी धिटाईने विचारलं, “मामंजी, तुमाले चहा पाहिजेले का?”

एका काकांच्या मिशीत हसू अडकलेलं मला दिसलं. जमीन दुभंगावी असं वाटलं, खरंच. आणि तेवढ्यात आतून तुम्ही आलात, चांदूर रेल्वेकडच्या, तुमच्या माहेरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणालात, “मले बी पाहिजेले!” आणि ट्रेमधला कप उचलून सगळ्यांसमोर प्यायलात. सासऱ्यासमोर, मोठ्या सुनेने! मग मामंजीच म्हणाले, “मले बी द्या मंग.”

त्या दिवसापासून तो शब्द आपल्या दोघींचा झाला. भाजी वाढताना, साड्यांच्या दुकानात, आणि आम्ही अमरावतीला राहायला गेल्यावरही कोणाच्या लग्नात पंगतीत समोरासमोर बसलो की तुम्ही मुद्दाम वाढप्याला सांगायच्या, “त्या मॅडमले विचार, जिलबी पाहिजेले का.” मी चिडायचे. चिडायचे का हो? आता कोणी विचारत नाही, तर पंगतीत बसावंसंच वाटत नाही.

पोरींना मी तेव्हा काही सांगितलं नाही. मुक्ताला वाटलं, आईच्या माहेरचा शब्द असेल. सायमाला वाटलं, जुनी वऱ्हाडी असेल. गेमचा थोडा भाग त्यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात दाखवला, तेव्हा एक गृहस्थ उभे राहून भरल्या आवाजात म्हणाले, “पाहिजेले! आमची आजी अगदी असंच म्हणायची. किती दिवसांनी ऐकला हा शब्द!” मी मागच्या रांगेत रुमालात तोंड खुपसून बसले होते. तुम्ही तेव्हा आला नव्हतात; शेजारी असतात तर आपल्या दोघींना बाहेर काढलं असतं त्यांनी.

तर गेमचा शेवट. इराला भाऊ सापडतो, ती त्याला घेऊन दाराशी परत येते. बुडी नेहमीसारखी विचारते. इरा म्हणते, “मला काही नको आजी, मला मिळालं. पण तुला काय पाहिजे? तुला कोणी विचारलंच नाही.” इथे मुक्ताने कागद कोरा ठेवला होता. “आई, हे मी नाही लिहिणार. तूच सांग, तुला खरंच काय पाहिजे.”

तुम्ही हेडफोन काढलात. मी तुम्हाला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणालात, “मले काय पाहिजे बापा, सगळं त हाय. थांब, सोचून सांगतो.” आणि मला म्हणालात, “चाल वं, रस पिऊ.”

तेवढंच राहून गेलं. बाकी सगळं तयार होतं, जाऊबाई. पण तुम्ही गेल्यावर मुक्ता ते दृश्य उघडेचना. झाडांच्या सावल्या नीट कर, नदीचं बोलणं बदल, लोखंडी शहरातले दिवे वाढव, असं काहीबाही करत राहायची. सायमाने मला फोन केला, “काकी, ती गेम संपवतच नाहीये. तुम्ही एकदा येऊन जा.”

मी बडनेऱ्याहून गाडी पकडली आणि अकोल्याला गेले. मोर्णा नदीवरचा पूल ओलांडताना काय बोलायचं ते घोकत होते. वर गेले तर मुक्ता मोड्यावर बसलेली. तुमच्याच. भिंतीच्या गाद्या तशाच उभ्या.

सायमा बिचारी हळूच म्हणाली, “मुक्ता, आवाज कॉम्प्युटरवर बनवता येतो. तुझ्या आईचं एवढं रेकॉर्डिंग आहे आपल्याजवळ. एक वाक्य तर हवंय.”

“बनवता येईल गं,” मुक्ता म्हणाली, “पण ती बोलणार काय? मीच लिहायचं आणि तिच्या तोंडून ऐकायचं? मग मला कसं कळणार तिला काय पाहिजे होतं?” आणि मग माझ्याकडे वळून, “काकी, हे संपलं की आईचं बोलणं संपलं. तुम्हाला कळतंय ना?”

कळत होतं. घोकलेलं सगळं विसरले. मी म्हटलं, “मला आधी खेळायला शिकव.”

हसू नका! खरंच शिकले. ते दोन हातांत धरायचं यंत्र, अंगठ्याने चालायचं, बोटाने उडी मारायची. पहिल्यांदा तर माझी इरा सारखी भिंतीवर डोकं आपटायची, नाहीतर नदीत पडायची. नदी बोलायची, ‘पुन्हा आलीस?’ सायमा मागून म्हणायची, “काकी, लेफ्ट, लेफ्ट! अरे बापरे, फिर गिर गई!” पण मी पोहोचले हो तुमच्या दारापर्यंत. पडद्यावर बाज, वाती, आणि तुमचा आवाज, “काय पाहिजेले?”

मी सगळ्यात सभ्य उत्तर निवडलं, ‘काही नको, फक्त जाऊ द्या.’ तुम्ही काय म्हणालात? “काही नको म्हणणारीले मी चांगली ओळखतो. खोटं बोलून राहिली. जाय, अजून एक चक्कर मारून ये.” मी तलवार मागितली. “तलवार कायले? भाजी चिरतं काय?” वाट मागितली, तर म्हणालात, “वाट त पायाखालीच हाय.” किती फेऱ्या मारायला लावल्यात मला! पण प्रत्येक फेरीला तुम्ही नवं काहीतरी बोलायच्या, आणि मला मुद्दाम चुकावंसं वाटायचं. मुक्ताही शेजारी येऊन बसली. मग तुम्ही बोलायच्या आधीच तुमची वाक्यं म्हणायला लागली. मग आम्ही दोघी तुमच्याशी भांडायला लागलो.

तेव्हाच मी तिला चहाची गोष्ट सांगितली. ‘पाहिजेले’ हा शब्द चांदूर रेल्वेचा नाही, अकोल्याचाही नाही, माझा आहे, कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या मुलीचा, हे ऐकून ती इतकी हसली की सायमाच्या अब्बांनी खालून विचारलं, “क्या हुआ बेटा?” आणि हसता हसता ती रडायला लागली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा.

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, “काकी, आई त्या दिवशी तुमच्याकडे बघून हसली होती. ते हसू आहे आपल्याकडे.”

सायमाने ते टाकून दिलेलं नव्हतं. गादी पडल्याच्या आवाजासकट ठेवलं होतं. शहाणी पोरगी!

मग आम्ही असं केलं. इरा विचारते, “तुला काय पाहिजे, आजी?” बुडी काहीच बोलत नाही. वाती वळत राहते, तुम्ही त्या दिवशी होतात तशी गप्प. आणि दाराच्या पलीकडून, लोखंडी शहराच्या बाजूने, दुसऱ्याच एका म्हाताऱ्या बाईची हाक येते. ती दिसत नाही. तिची मराठी अगदी पुस्तकी. दोन्ही जगांच्या शिवेवर इतकी वर्षं दोघी होत्या, एकीकडे एक आणि पलीकडे दुसरी, आणि खेळणाऱ्याला हे शेवटीच कळतं. ती म्हणते, “जाऊबाई, पुरे झालं दारात बसणं. चहा ठेवलाय. साखर पाहिजेले का?”

आणि तुम्ही हसता. तुमचंच हसू, कुठल्याही यंत्राने न केलेलं. मग बाज रिकामी दिसते, वातींचा ढीग पडलेला, आणि दार उघडंच.

ती हाक माझी आहे. त्याच गाद्यांच्या मधोमध बसून दिली, पंखा बंद करून. वऱ्हाडी बोलायचा प्रयत्न केला नाही. पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा ‘साखर’ म्हणताना ठसका लागला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि तुम्ही आत स्वयंपाकघरात आहात असं समजून हाक मारली. मुक्ताने हेडफोन काढले. म्हणाली, “झालं काकी.” आणि उठून पंखा लावला.

तुमच्या उत्तराची जागा आम्ही भरलेली नाही, जाऊबाई. तुम्ही सोचून सांगणार होतात, तर सोचा निवांत. मला आपलं वाटतं की तुम्हालाही कोणीतरी ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणायला हवं होतं. मला त्या बैठकीत वाचवलंत, तसं तुम्हाला दारातून उठवायला कोणी हवं होतं. चूक असेल तर हसा. हसलात की मी समजेन.

मी निघाले तेव्हा मुक्ता पुलापर्यंत पोहोचवायला आली. नव्या गेमचं डोक्यात घोळतंय म्हणाली. तुमची लेक, स्वस्थ बसेल का? रिक्षात बसताना तिने मला विचारलं, “काकी, तुम्हाला काय पाहिजेले?” मी सवयीने म्हटलं, “काही नको गं.” तिने रिक्षावाल्याला सांगितलं, “दादा, काकीले एक चक्कर मारून आणा, खोटं बोलून राहिल्या.” आणि त्याने खरंच मारली की हो! जुन्या शहराला वळसा घालून परत आलो, तोवर माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, दर महिन्याला मला बोलाव, आणि पुढच्या गेममध्येही आवाज दे मला.

तर जाऊबाई, शब्द देते तुम्हाला. कोणी कितीही शहाणं येऊन सांगो, ‘पाहिजेले’ कोणाला दुरुस्त करू देणार नाही. आणि तुमच्या मुक्ताला मी विचारत राहीन, काय पाहिजेले म्हणून. ‘काही नको काकी’ म्हणाली, तर तिलाही एक चक्कर मारायला लावीन. दोन लावीन.

चहा ठेवलाय. दार उघडंच आहे.

तुमची,
मॅडम