उधवा स्टेशन, फलाट क्रमांक एक

१ जानेवारी २०१४
संकल्प: यंदा लग्न. दक्षाशीच.
काल आई आणि गावातली दोन जाणती माणसं घेऊन बोईसरला तिच्या घरी मागणी घालायला गेलो. मुलगी नर्सिंगला आहे. तिची आई, पुतळीबाई, तोंडावर म्हणाली की लोकल जाते तिथंच पोर देणार. उधवा म्हणजे गुजरातची हद्द, पोरीचं दुखलंखुपलं तर आम्ही पोचायचं कधी? चहासुद्धा अर्धा कप. शी.
परत येताना आई म्हणाली, डहाणूला खोली घेऊन राहा, तिथवर लोकल आहे. मी का म्हणून? विरारला थांबणारी लोकल गेल्या वर्षी डहाणूला आली. मग उधव्याला का नाही येणार? सिंपल लॉजिक. मी, म्हणजे हा नविन, स्टेशनकडे जाणार नाही. स्टेशन नविनकडे येईल.

१५ जानेवारी २०१४
‘उधवा भावी रेल्वे प्रवासी संघटना’ स्थापन. अध्यक्ष मी. सभासद आई (तिला अजून सांगितलेलं नाही). झेरॉक्सचं दुकान आपलंच, त्यामुळे लेटरहेड घरच्या घरी.

३ ऑक्टोबर २०१४, दसरा
डहाणूला जाऊन आलो. लोकलच्या डब्यांना झेंडूचे हार, आंब्याची पानं, आत आरती, पेढे. याला म्हणतात सिव्हिलायझेशन. आणि आमच्याकडे? कोयत्याला हळदकुंकू. पुढच्या दसऱ्याला फलाटाची पूजा करणार. फलाट तोवर होईलच.

२२ ऑक्टोबर २०१५, दसरा
फलाट नाही. पूजा केली. माळावर जिथे फलाट येणार (जागा मीच नक्की केली) तिथे दोन बांबू रोवून तोरण बांधलं, नारळ फोडला. घरी जाऊन प्रसाद आणेपर्यंत सुकऱ्याकाकाच्या शेळ्यांनी तोरण खाल्लं. काका वर मलाच म्हणतो, पानं जरा कोवळी आणायचीस. अशा लोकांसाठी मी रेल्वे आणतोय! किळस आली.

२० जून २०१६
दक्षा उधव्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून लागली. रोज बोईसरहून डहाणूपर्यंत लोकल, तिथून आमच्या गावच्या मिथुनची भाड्याची जीप. भयंकर! त्या जीपमध्ये सुक्या बोंबलाच्या टोपल्या, कोंबड्या, डिझेलचा वास. मिथुन बिडी ओढत गाडी चालवतो. बिचारीचे काय हाल होत असतील. आता तर रेल्वे आणायलाच हवी.
आई म्हणते, रोज दारावरून जाते पोर, थांबवून इचार ना तिला. आईला पॉलिसी मॅटर कळत नाही. अट पूर्ण होईपर्यंत तोंड दाखवायचं नाही. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?

४ ऑगस्ट २०१६
दक्षा दुकानात आली. मी मशीनमागे बसलो. आईने सांगितलं, नविन तलासरीला गेलाय. दक्षा म्हणाली, मग पाय इथेच ठेवून गेला वाटतं. आई हसली. स्वतःची आई!

९ मे २०१७
निवेदन घेऊन रेल्वेच्या एका बाबूला भेटलो. तो भजी खात होता. विचारतो, उधव्याहून रोज किती लोक लोकलने जातील? म्हटलं, सगळे. सध्या किती जातात? एकही नाही, कारण लोकल नाही. म्हणे, मग जात कोणी नाही तर लोकल कशाला? या देशाचं काही होणार नाही. निवेदनावर तेलाचे डाग पडले. हात पुसले असावेत.

२ फेब्रुवारी २०१८
पुतळीबाई मिथुनच्या जीपमधून उतरताना दिसल्या. आठवड्यातून एकदा लेकीची रात्रपाळी असते, तेव्हा डबा घेऊन येतात म्हणे. आईला म्हणाल्या, रस्ता आता बरा झालाय, पोचायला काही वाटत नाही. बाईमाणूस, सोसते आणि बोलत नाही. फार वाईट वाटलं. रात्रीच नवीन निवेदन लिहिलं.

१८ ऑक्टोबर २०१८, दसरा
शेळ्यांचा विचार करून या वेळी बाजारातला सगळा झेंडू उचलला. मिथुन जीपसाठी एक हार मागायला आला. साफ नकार. रेल्वेची फुलं जीपला?
संध्याकाळी पाहिलं तर दक्षा उपकेंद्राच्या कुंपणावरची जास्वंद ओवत होती. जीपच्या बॉनेटवर जास्वंदीचा हार! टेस्टच नाही लोकांना. ती इतका वेळ हसत का होती, कळलं नाही.

११ मार्च २०१९
दक्षा स्वतः दुकानात आली. लपायला वेळ मिळाला नाही. मे महिन्यात तिचं लग्न आहे. मिथुनशी. बिडी सोडलीय त्याने.
मी म्हटलं, आणि आईची अट? ती म्हणाली, अट आईची होती, मला कोणी विचारलंच नाही. दोन वर्षं वाट पाहिली म्हणे. मी म्हटलं, सर्व्हे कधीही सुरू होईल. ती पत्रिका मशीनवर ठेवून निघाली.
जेवलो नाही.

५ मे २०१९
लग्न बोईसरला लागलं. नवरीला आणायचं, तर जीप चालवणार कोण? नवरदेव स्वतः ड्रायव्हर, त्याच्या अंगाला हळद. वऱ्हाडात न प्यायलेला आणि लायसन्सवाला एकच माणूस होता. आई सगळ्यांसमोर म्हणाली, माझा नविन हाय ना.
मागे दक्षा, मिथुन, पुतळीबाई आणि लग्न लावणारी धवलेरी; तिची लग्नगाणी चालूच होती. कोणी तरी कोंबडीही आणली होती. डहाणू स्टेशन मागे पडलं. मग झाई-बोर्डीचा फाटा, तलासरी, हायवे, आणि उधवा आलासुद्धा. उतरताना पुतळीबाई म्हणाल्या, छान आणलंस हो, कळलंच नाही कधी पोचलो.
मलाही नाही कळलं.