समजलं तरच मार्क

देवपूर, धुळे

ती. नाना,
ज्योत्स्नाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

बीएस्सीच्या मुलांना तीन वर्षांत नेमकं काय आलं, हे कसं तपासायचं ते ठरवायचं काम कॉलेजने माझ्याकडे दिलंय. मी सुचवलं, शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एका शेतातली माती तपासावी आणि तिला काय हवंय ते शेतकऱ्याला समजावून सांगावं. त्याला समजलं तरच मार्क.

विभागप्रमुख म्हणाले, ही परीक्षा आधी तुम्हीच देऊन बघा. मग कॉलेजशेजारच्या शेतातले निंबा आबा आले. त्यांच्या शेतातली माती तपासून तिच्याबद्दल मी भरपूर बोलले. आबा म्हणाले, "बठ्ठं खरंच व्हई बेटा, पन माले काहीच समजनं नही."

म्हणजे सगळं खरं, पण समजलं शून्य! सगळे हसले, मीही हसले. मॅडमलाच नापास करते म्हणजे परीक्षा चांगली आहे, असं म्हणून सरांनी योजना तिथेच मंजूर केली.

रविवारी आपल्या शेतातल्या मातीचा रिपोर्ट घेऊन पाचोऱ्याला येतेय. परीक्षक तुम्ही. गुडघा कसा आहे? विहिरीवर एकटे जाऊ नका.

कानाचं मशीन तेवढं लावून बसा. ते लावूनही समजलं नाही, तर खुशाल नापास करा.

तुमची लेक,
ज्योत्स्ना