चहाबरोबरची गोळी

पुणतांबा, ता. ९-२-७१

ती. सहादेवदादास,
मनकर्णाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी. डाव्या पावलाचा बधिरपणा वाढतोय म्हणून घाई, हे समजलं. आधी दात काढताना रक्त थांबलं नव्हतं का, कुठलं औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि आईनं सगळ्याला न्हाई म्हटलं, असं तू लिहितोस.

दादा, ती खोटं बोलत नाही. वाण्याकडची डोकेदुखीची गोळी ती औषधात धरतच नाही. खुरपणीला जाणाऱ्या सगळ्याच बायका ती सकाळच्या चहाबरोबर घेतात. आई तर कंबर धरली की दुपारीही घेते. पुण्याला निघताना लुगड्याच्या घडीत तिनं गोळ्यांची पुडी ठेवली, तेव्हा तिथंही घेतच असेल. हल्ली विळा जरासा लागला तरी तिचं रक्त लवकर थांबत नाही. याचा त्याच्याशी संबंध आहे का, मला ठाऊक नाही. मी आपल्या अण्णांकडे घरीच शिकले, तेवढीच माझी अक्कल. मला हस हवं तर, पण डॉक्टरांना सांगच. पत्र स्टेशनावर जाऊन डाकगाडीत टाकते.

आईच्या पाया पडते. माया कमी करू नकोस.
तुझी मनकर्णा

पुणे, ता. १४-२-७१

चि. मनकर्णास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी आईच्या उशाखालची पुडी काढून घेतली. त्या गोळीनं रक्त गोठायला उशीर होतो. ऑपरेशननंतर मणक्याशी रक्त साचून मज्जारज्जू दाबला गेला, तर दोन्ही पाय जातील, असं म्हणाले. ऑपरेशन दहा दिवस पुढं गेलं. आई भडकली आहे. मनी डाक्टरीन कवा झाली, असं विचारत होती.

पण काल चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल गळून पडली आणि तिला कळलंच नाही. थांबण्यातही धोका आहे, असं डॉक्टरच म्हणतात. तू बरोबर केलंस की नाही, मला आज सांगता येत नाही.

जेवत जा.
तुझा दादा

पुणतांबा, ता. १८-२-७१

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

चपलेचं वाचल्यापासून हातून काम होत नाही. मी गप्प बसले असते तर एव्हाना ऑपरेशन झालं असतं. आईचं पाऊल गेलं तर ते माझ्यामुळं गेलं असं होईल, आणि गप्प बसून रक्त साचलं असतं तर तेही माझ्यामुळंच. शेजारची राहीबाई गोळी मागायला आली. मी दिली नाही, कारणही सांगितलं. मग आमची खुरपनी तुजा डाक्टर करनार व्हय, म्हणाली आणि वाण्याकडं गेली.

काही झालं तरी खरं तेच कळव. राग धरू नकोस.
मनकर्णा

पुणे, ता. २७-२-७१

चि. मनकर्णास,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. रक्त बरंच गेलं, माझं द्यावं लागलं. पण आत साचलं नाही. उजवा पाय चांगला आहे. डावं पाऊल उचलत नाही, बहुधा उचलणारही नाही. सोमवारीच केलं असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, याचं उत्तर कुणाकडेच नाही. तू खरं मागितलंस, म्हणून लिहिलं.

आईनं तुझं नाव काढलं नव्हतं. आज नर्स गोळी घेऊन आली, तर तोंड मिटून बसली. आदी मनीला इचारा, ती व्हय म्हनली तर गिळते, म्हणाली. रागानं म्हणाली की कसं, ते मला ओळखता आलं नाही. नर्स गोळी उशाशी ठेवून गेली आहे. मिळेल त्या गाडीनं निघ.

तुझा दादा